नाव नसलेली चार गाणी

रात्रीचा दीड वाजलाय. घरातले सगळे झोपलेत. तुम्हाला एक चाल सुचलीये आणि ती सकाळपर्यंत डोक्यात टिकणार नाही, हे तुम्हाला पक्कं माहितीये. मग काय करता? पांघरूण डोक्यावरून घेता, फोनचा रेकॉर्डर चालू करता आणि माइकला जवळजवळ ओठ टेकवून, बाबा जागे होणार नाहीत इतक्या हळू गाता. फाइलला नावही देत नाही. ते फोनच देतो, रेकॉर्डिंग सात वगैरे. दुसऱ्या दिवशी ती एकाच मैत्रिणीला पाठवता आणि वर बजावता की आणखी कुणाला ऐकवायची नाही.

आणि तिने हट्टच धरला की हे सगळ्यांनी ऐकलं पाहिजे, तर?

आज ज्याची गोष्ट सांगतेय त्याचं साधारण असंच झालं. फक्त फोनच्या जागी उसना आणलेला टेप रेकॉर्डर होता आणि पांघरुणाच्या जागी तळघर. साल १९९३-९४. गाव पोर्टलंड, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातलं. मुलगा चोवीस वर्षांचा, नाव एलियट स्मिथ. त्या तळघरातून जी रेकॉर्ड निघाली तिचं नाव 'रोमन कँडल'. रोमन कँडल म्हणजे फटाका. लांब नळीतून एकेक रंगीत गोळा वर सोडतो ना, तो. नाव वाचून तुम्ही प्ले दाबाल आणि आवाज वाढवायला हात पुढे कराल, कारण सुरुवातीला वाटतं की आवाज कमीच ठेवलाय. तसं नसतं. तो गातोच तितक्या हळू.

आता एक गंमत. तेव्हाच्या पोर्टलंडमध्ये एलियट स्मिथ म्हटलं की हळू आवाज वगैरे कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं. तो हीटमायझर नावाच्या बँडमध्ये होता आणि हीटमायझर म्हणजे कानठळ्या. तो आणि नील गस्ट असे दोघं गिटार वाजवायचे, दोघंही गायचे, मागे बेस आणि ड्रम्स. तो काळच तसा होता. पोर्टलंडपासून तीनएकशे किलोमीटरवर सिअ‍ॅटल. तिथून १९९१मध्ये निर्वाणाने जो धमाका केला, त्यानंतर मोठमोठ्या म्युझिक कंपन्या त्या पट्ट्यातल्या प्रत्येक आरडाओरडा करणाऱ्या बँडच्या मागे चेकबुक घेऊन फिरत होत्या. क्लबमध्ये ड्रम्सच्या वर स्वतःचा आवाज पोचवायचा तर ओरडायलाच लागतं. एलियट ओरडायचा. आणि त्याला मनातून ते आवडत नव्हतं.

थोडं मागे जाऊ. त्याचं खरं नाव स्टीव्हन पॉल स्मिथ. जन्म ६ ऑगस्ट १९६९, ओमाहा, नेब्रास्का. तो तान्हा असतानाच आईवडील वेगळे झाले आणि आई त्याला घेऊन टेक्ससला गेली. आई शाळेत संगीत शिकवायची, त्यामुळे घरात गाणं होतं. घरात सावत्र वडीलही होते आणि त्यांच्याशी त्याचं कधीच पटलं नाही. चौदाव्या वर्षी तो आईचं घर सोडून वडिलांकडे पोर्टलंडला आला. वडील मानसोपचारतज्ज्ञ. पुढे मोठा झाल्यावर त्याने दंडावर टेक्ससचा नकाशा गोंदवून घेतला. लोकांना वाटायचं, याला टेक्सस किती आवडतं! उलटं होतं. तिथलं काही विसरायचं नाही, म्हणून तो नकाशा.

कॉलेज मॅसॅच्युसेट्समधलं हॅम्पशायर. विषय तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र. (आईबाबांना नोकरीचं काय सांगायचं, हा प्रश्न तिकडेही असतोच.) याच सुमारास तो स्टीव्हचा एलियट झाला. स्टीव्ह हे नाव त्याला मैदानावरच्या दणकट मुलाचं वाटायचं आणि स्टीव्हन पुस्तकी किड्याचं. नील गस्ट त्याला हॅम्पशायरलाच भेटला. १९९१मध्ये डिग्री हातात घेऊन दोघं पोर्टलंडला आले आणि बँड सुरू झाला. पोटासाठी एलियटने बेकरीत काम केलं, घरांच्या भिंतींना प्लास्टर करायची कामंही केली. एका प्रसिद्ध गायकाच्या पूर्वायुष्याबद्दल वाचताना हे असले तपशील आपण पटकन ओलांडून जातो. पण दिवसभर प्लास्टर आणि संध्याकाळी बँडची प्रॅक्टिस केल्यावर अंगात ओरडण्याइतका दम किती उरत असेल, याचा विचार केलाय?

तर तळघर. ते होतं जेजे गॉन्सनच्या घराचं. जेजे फोटोग्राफर, हीटमायझरची मॅनेजर आणि त्या वेळी एलियटची गर्लफ्रेंड. तिथे तो एकटा बसून फोर-ट्रॅकवर गाणी रेकॉर्ड करायचा. फोर-ट्रॅक म्हणजे असा रेकॉर्डर ज्यात एकाच टेपवर चार वेगवेगळे पट्टे असतात. पहिल्या पट्ट्यावर गिटार वाजवायची. टेप मागे न्यायची. ती ऐकत दुसऱ्यावर आणखी काही वाजवायचं. मग गायचं. तुमच्या लॅपटॉपवर आज शंभर ट्रॅक फुकट मिळतात, इथे चारच होते.

चारच असताना त्याने काय केलं बघा. एक ओळ गायली आणि तीच ओळ पुन्हा, तशीच, दुसऱ्या पट्ट्यावर गायली. याला डबल ट्रॅकिंग म्हणतात. बीटल्सनी हे भरपूर केलंय आणि एलियट बीटल्सचा भक्त होता. साधारणपणे हे आवाज भरदार व्हावा म्हणून करतात. एलियट मात्र आधीच कुजबुजतोय आणि ती कुजबुज डबल झालीये. दोन्ही आवाज जवळजवळ एक होतात, पण अगदी शंभर टक्के नाही. कुठे एखादा श्वास मागेपुढे होतो, एखादं अक्षर जरा उशिरा संपतं. हेडफोन लावून ऐकलं की वाटतं, तो स्वतःच्याच शेजारी बसून गातोय. मी पहिल्यांदा हे लोकलमध्ये ऐकलं, संध्याकाळच्या गर्दीत, आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. नीट ऐकलं ते घरी, लाइट गेलेले असताना. पंखा बंद होता, म्हणून.

पहिल्याच गाण्यात राग आहे. प्रचंड राग, आणि तोही कुजबुजत. बँडमध्ये हाच राग त्याने ओरडून मांडला असता आणि आपण मान हलवून पुढे गेलो असतो. दबक्या आवाजातला राग जास्त घाबरवतो. आपल्याही घरात कुणी आरडाओरडा केला तर विशेष वाटत नाही, पण कुणी अगदी हळू बोलायला लागलं की सगळे टीव्हीचा आवाज कमी करतात. तसं काहीतरी.

ही गाणी अल्बम म्हणून केलेलीच नव्हती. जेजेने त्याला पटवलं आणि टेप पोर्टलंडमधल्याच कॅव्हिटी सर्च नावाच्या छोट्या कंपनीकडे गेली. एलियटला वाटत होतं, फार तर दोन गाण्यांची एक छोटी तबकडी काढतील. कंपनीच्या ख्रिस्तोफर कूपरने टेप ऐकली आणि सगळीच्या सगळी मागितली. एलियटलाच धक्का! १४ जुलै १९९४ला 'रोमन कँडल' बाहेर आली. नऊ गाणी, जेमतेम अर्धा तास. त्यातल्या चार गाण्यांना नावच नाही. म्हणजे आहे, पण ते 'नो नेम #१', '#२', '#३', '#४' असं. रेकॉर्डिंग सात आठवलं ना?

आणि कव्हर बघा. कुठल्याही गायकाच्या पहिल्या सोलो अल्बमवर कुणाचा फोटो असतो? अर्थात त्याचा. इथे जेजेने काढलेल्या एका ब्लॅक अँड व्हाइट फोटोत दोन जण आहेत, त्यात एलियट नाहीच. एक आहे त्यांची मैत्रीण आणि दुसरा नील गस्ट. हो, बँडमधला नील. आपल्या एकट्याच्या रेकॉर्डच्या कव्हरवर त्याने स्वतःच्या बँडमेटला ठेवलं. मला या माणसाबद्दल वाचलेल्या सगळ्या गोष्टींत ही सगळ्यात जास्त आवडते आणि सगळ्यात जास्त वाईटही हिचंच वाटतं. कारण पुढे काय होणार, ते तुम्हाला आता कळेलच.

१७ सप्टेंबर १९९४ला पोर्टलंडमधल्या अंब्रा पेनंब्रा नावाच्या जागी त्याने एकट्याने गाणी म्हटली. त्याच्या अगदी सुरुवातीच्या सोलो कार्यक्रमांपैकी हा एक. दहा गाणी गायला आणि त्यात नव्याकोऱ्या रेकॉर्डमधली फक्त तीन! आपल्याच अल्बमची जाहिरात न करण्यात याचा हात कुणी धरणार नाही. पण गावात बातमी पसरायला लागली होती. हीटमायझरमधल्या त्या मुलाची हळू गाणी ऐकलीत का? १९९५मध्ये किल रॉक स्टार्स या कंपनीने त्याचा दुसरा अल्बम काढला. लोक आता एलियटला ऐकायला यायला लागले आणि हीटमायझर हा एलियट ज्यात आहे तो बँड झाला.

आता नीलच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कॉलेजपासूनचा दोस्त. दोघांनी मिळून सुरू केलेला बँड. तो मित्र घरी बसून, कुणाचंही वाईट न चिंतता, काही गाणी रेकॉर्ड करतो आणि त्या गाण्यांमुळे तुमचं सगळ्यांचं काम मागे पडायला लागतं. भांडायचं तरी कशावर? त्यात व्हर्जिनसारख्या बड्या कंपनीने हीटमायझरशी करार केला. जे व्हायला सगळे बँड तडफडत होते ते यांना मिळालं, नेमकं बँड आतून उसवत असताना. 'माइक सिटी सन्स' हा शेवटचा अल्बम तयार झाला, पण १९९६मध्ये तो दुकानात येईपर्यंत बँड मोडलेला होता. व्हर्जिननेही मग तो स्वतःच्या नावाने न काढता कॅरोलाइन या धाकट्या लेबलकडून काढला. एलियट नंतर हीटमायझरबद्दल फारसं चांगलं बोलायचा नाही. इथे मी त्याच्याशी सहमत नाही. 'माइक सिटी सन्स' ऐका. दोन लिहिणारे एकमेकांपासून लांब चाललेत हे त्यात स्पष्ट ऐकू येतं आणि म्हणूनच तो अल्बम भारी आहे.

आणखी एक मेख होती. करारातल्या एका कलमामुळे बँड संपला तरी एलियट व्यक्ती म्हणून व्हर्जिनला बांधलेलाच राहिला. त्यातून त्याची सुटका झाली ती ड्रीमवर्क्सने तो करार विकत घेतल्यावर. तुमच्यातले जे कुणी बँडवाले आहेत, सही करण्याआधी कागद वाचा बरं का!

१९९७मध्ये 'आयदर/ऑर' आला. नाव किर्केगार्डच्या पुस्तकाचं, तत्त्वज्ञानाची डिग्री कुठेतरी कामाला आलीच. आणि त्याच वर्षी पोर्टलंडमध्येच राहणारा दिग्दर्शक गस व्हॅन सँट एक सिनेमा करत होता, 'गुड विल हंटिंग'. मॅट डेमन, बेन अ‍ॅफ्लेक, रॉबिन विल्यम्स. त्याने एलियटची आधीची काही गाणी सिनेमात घेतली. त्यातलं एक होतं 'नो नेम #३'. म्हणजे तळघरातलं, उसन्या रेकॉर्डरवरचं, नावसुद्धा न दिलेलं गाणं थेट हॉलिवूडच्या पडद्यावर. शिवाय सिनेमासाठी म्हणून 'मिस मिझरी' हे नवं गाणं. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

२३ मार्च १९९८ची ती रात्र यूट्यूबवर आहे, नक्की बघा. एलियटला तिथे गायचंच नव्हतं. पण त्याला सांगण्यात आलं की गाणं तर होणारच, तू गा नाहीतर आम्ही दुसऱ्या कुणाला गायला लावतो. मग तो तयार झाला. ते 'टायटॅनिक'चं वर्ष होतं, अकरा ऑस्कर वगैरे. पांढऱ्या सुटात तो एकटा गिटार घेऊन त्या अवाढव्य स्टेजवर उभा आहे, मागून ऑर्केस्ट्रा वाजतोय आणि गाणं कापून छोटं केलेलं आहे. चेहऱ्यावर भाव असे की चुकीच्या लग्नाला आलोय, पण आता निघायचं कसं? पुरस्कार गेला 'टायटॅनिक'च्या गाण्याला, जाणारच होता. त्यानंतर लोक वर्षानुवर्षं त्याच्यासमोर सेलिन डिऑनची टिंगल करायचे. त्यांना वाटायचं, याला बरं वाटेल. तो मात्र तिचीच बाजू घ्यायचा. स्टेजमागे तो घाबरलेला असताना ती त्याच्याशी प्रेमाने बोलली होती आणि तेवढं त्याला पुरेसं होतं.

पुढचं मी भराभर सांगते. १९९८ला 'एक्सओ', २०००ला 'फिगर ८', दोन्ही ड्रीमवर्क्सकडून. आता ट्रॅक हवे तितके, स्टुडिओ हवा तो. 'फिगर ८'चं काही रेकॉर्डिंग लंडनच्या अ‍ॅबी रोडमध्ये झालं, बीटल्सच्या घरीच म्हणा ना. गाणी कारागिरीच्या हिशेबाने आधीपेक्षा सरस आहेत, हे मान्य करायलाच हवं. तो आधी न्यूयॉर्क आणि मग लॉस एंजेलिसला राहायला गेला. नैराश्य आणि दारू तर जुनीच होती. मग ड्रग्जचं व्यसन लागलं. २००१-०२मधल्या काही कार्यक्रमांत तो स्वतःचीच गाणी विसरायचा आणि समोरचे लोक त्याला शब्द पुरवायचे. नंतर त्याने उपचार घेतले, स्वतःचा स्टुडिओ उभारला, नव्या अल्बमवर काम सुरू केलं.

२१ ऑक्टोबर २००३ला लॉस एंजेलिसच्या घरी तो गेला. वय चौतीस. मृत्यू जखमांमुळे झाला. त्या त्याने स्वतःच करून घेतल्या की आणखी कुणी केल्या, याचा निर्णय सरकारी वैद्यकीय तपासात होऊ शकला नाही. आजही ते प्रकरण तसंच आहे. 'फिगर ८'च्या कव्हरवर तो ज्या रंगीत पट्ट्यांच्या भिंतीसमोर उभा आहे, ती भिंत सनसेट बुलेव्हार्डवर होती. लोकांनी तिच्यावर निरोप लिहायला सुरुवात केली, फुलं, मेणबत्त्या ठेवल्या.

इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. खरं तर स्वतःशीच. एलियटची ओळख करून देणारा माणूस पहिलं वाक्य नेहमी हेच सांगतो की तो कसा गेला. मलाही तसंच कळलं होतं. मग 'रोमन कँडल' लावली की प्रत्येक ओळीत शेवट दिसायला लागतो. दुःखी ओळ आली की आपण मान डोलवतो, जणू त्याने तेव्हाच सगळं सांगून ठेवलं होतं. पण १९९४मध्ये तळघरात बसलेल्या मुलाला २००३ माहीत नव्हतं! तो तेव्हा बेकरीत आणि प्लास्टरच्या कामांत राबणारा, प्रेमात पडलेला, बँडमध्ये अडकलेला, बीटल्ससारखी एखादी कॉर्ड कुठे बसवता येईल याच्या मागे लागलेला चोवीस वर्षांचा मुलगा होता. माझ्याहून फक्त दोन वर्षांनी मोठा. जवळच्यांच्या आठवणींत तो खूप विनोदीही होता. ही रेकॉर्ड त्याचं मरणपत्र म्हणून ऐकणं मला आता अन्यायाचं वाटतं. मी बरेच दिवस तशीच ऐकत होते, म्हणून सांगतेय.

तो गेल्यावर अर्धवट राहिलेला अल्बम घरच्यांच्या इच्छेने पुरा केला गेला आणि ऑक्टोबर २००४मध्ये आला. त्याच्या नावातही 'बेसमेंट' आहे.

'रोमन कँडल' २०१०मध्ये किल रॉक स्टार्सने पुन्हा काढली. ती नीटनेटकी केली लॅरी क्रेनने, ज्याच्या पोर्टलंडमधल्या स्टुडिओच्या उभारणीत एलियटने मदत केली होती. मूळ टेपवर गिटारच्या तारांवरून बोट सरकताना होणारे चिर्रचिर्र आवाज आणि टोचणारे 'स'कार जागोजागी होते. लॅरीने ते मऊ केले. त्याचा हेतू चांगला होता, कानाला त्रास कमी होतो हेही खरं. तरी जमलं तर जुनी आवृत्ती शोधा. तो चिर्र आवाज आला की कळतं, माणूस माइकच्या किती जवळ बसला होता.

सुरुवात 'नो नेम #३'ने केलीत तरी चालेल, पण मग पहिल्यापासून सलग ऐका. अर्धाच तास आहे. शेवटचं, नववं गाणं आलं की तुम्हाला वाटेल, काहीतरी बिघडलंय, कारण त्यात तो गातच नाही. नुसतं वाजवलंय. गंमत म्हणजे ज्यांना शब्द होते त्यातल्या चौघांना त्याने नाव दिलं नाही आणि या बिनशब्दांच्या गाण्याला मात्र दिलं. तेही कसलं, तर पोरंटोरं पितात त्या एका स्वस्तातल्या गोड वाइनचं. गिटार थोडा वेळ फिरत राहते, आणि टेप संपते.